लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरची तूरडाळ

न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर १२३ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड गोळीबारात जखमी झाले, अडीच महिने झुंजले आणि गेले. त्या रात्री, म्हणजे २० सप्टेंबर १८८१ च्या पहाटे, उपाध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी याच घरात अध्यक्षपदाची शपथ घेतली. घर त्यांचं स्वतःचंच होतं. तशी पाटीही तिथे लावलेली आहे, पण आत शिरणाऱ्या बहुतेकांचं तिच्याकडे लक्ष जात नाही. त्यांना तूरडाळ हवी असते, हिंग हवा असतो, आमसुलं हवी असतात.

या दुकानाचं नाव 'कलुस्त्यान्स'. १९४४ साली ते सुरू करणारे केरोप कलुस्त्यान हे तुर्कस्तानातून आलेले आर्मेनियन गृहस्थ. भारताशी त्यांचा काही संबंध नव्हता. आसपास आर्मेनियन वस्ती होती, तिला लागणारे मसूर, हरभरे, जिरं, वेलदोडे, बेदाणे, गव्हाचा दलिया ते ठेवत. त्या वस्तूंच्या मागावर हळूहळू भारतीय गिऱ्हाईक येऊ लागलं आणि त्याच्या मागणीनुसार फळीवर हळद आली, मोहरी आली, बासमती आला. मधुर जाफ्री यांचं 'अॅन इन्व्हिटेशन टु इंडियन कुकिंग' १९७३ मध्ये निघालं तेव्हा सामान कुठे मिळेल याची यादी पुस्तकातच द्यावी लागली, इतकी अशी दुकानं मोजकी होती. १९८८ मध्ये 'कलुस्त्यान्स' दोन बांगलादेशी नातलगांनी विकत घेतलं. म्हणजे आर्मेनियन माणसाने काढलेलं, बांगलादेशींनी वाढवलेलं, आणि कोल्हापूर-पुण्याकडच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पिशव्या भरभरून सामान नेलेलं असं हे दुकान.

अमेरिकेतल्या मराठी स्वयंपाकघराचा इतिहास लिहायला घेतला की तो असा दुसऱ्यांच्या दुकानांचा इतिहास होऊन बसतो. मराठी माणूस तिथे गेला, शिकला, नोकरीत वर चढला, मंडळं काढली, नाटकं बसवली, अधिवेशनं भरवली. पण त्याच्या आमटीतली डाळ, डाळीतला हिंग आणि शेजारची चटणी त्याला नेहमी दुसऱ्या कुणीतरी विकली.

अगदी सुरुवातीला तर विकणाराही कुणी नव्हता. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हे त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत जाहीरपणे सांगितलं होतं आणि त्या शब्दाचा मोठा भाग ताटाशी निगडित होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे त्या राहिल्या. तिथल्या ओळखीच्या बायकांना त्यांनी आपल्या पद्धतीचं जेवण रांधूनही घातलं. पुढे फिलाडेल्फियात वैद्यकीय शिक्षण सुरू झालं तशी थंडी, एकटेपणा, अभ्यास आणि शाकाहार यांची मोट बांधताना त्यांची दमछाक झाली. आज फिलाडेल्फियाच्या आसपास तांदूळ-डाळीच्या दुकानांची वाण नाही. आनंदीबाईंना जे सोबत आणलं तेवढंच, आणि ते संपल्यावर बटाटे, पाव, दूध, फळं.

तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्यांच्या तिथल्या खाण्याचे तपशील आहेत. हार्टली हॉल या वसतिगृहातलं अन्न त्यांना मानवलं नाही, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांनी मुक्काम हलवला. कॉफी, मफिन आणि मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ एवढ्यावर ते दिवस काढत, कारण शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे असत. पुढे लंडनमध्ये तर हाल आणखी वाढले. तिथे रात्री अभ्यासाला बसल्यावर भूक अनावर होई, तेव्हा मुंबईच्या एका परिचिताने दिलेले पापड भाजून त्यांवर कपभर दूध पिणं, हा त्यांचा आधार होता. विदेशातल्या मराठी खाण्याच्या इतिहासात या पापडांना मान दिला पाहिजे. टिकणारा, हलका, मोडला तरी वाया न जाणारा असा हा पदार्थ पुढे लाखो पेट्यांमधून समुद्र ओलांडून गेला.

जाता जाता आणखी एक नाव. वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले, तिथे शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत वावरले आणि शेवटी मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर संशोधन करत स्थिरावले. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी रोजच्या भाकरीचं एक भित्तिचित्र रंगवलं आहे. टेबलाभोवती कष्टकरी बसले आहेत आणि मधला माणूस त्यांना पाव मोडून देतो आहे. तो मधला माणूस खानखोज्यांवरून रंगवलेला. परमुलखात रोजच्या अन्नाची चिंता करणारे मराठी लोक पुष्कळ झाले. परमुलखाच्या रोजच्या अन्नाची चिंता वाहणारा हा विरळाच.

मधल्या काळात अमेरिकेचं दार जवळजवळ बंदच होतं. १९१७ च्या कायद्याने आशियातून येणारे लोक अडवले, १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं आणि १९४६ मध्ये दार किलकिलं झालं तेही वर्षाला अवघ्या १०० भारतीयांपुरतं. १९६० साली त्या अफाट देशात भारतात जन्मलेली माणसं होती १२ हजारांच्या आसपास. एवढ्यांसाठी कोण दुकान काढणार? कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबणाऱ्या पंजाब्यांनी स्टॉकटनला १९१२ मध्ये गुरुद्वारा उभारला. तिथल्या लंगरात डाळ-रोटी मिळे. त्यांच्यातल्या कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि त्यांच्या घरांत टॉर्टिया आणि रोटी एकाच तव्यावर भाजल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र वसतिगृहातले उकडलेले बटाटे होते.

ऑक्टोबर १९६५ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. देशागणिक ठरवलेला जुना भेदभाव गेला. शिकलेल्यांना आणि नातेवाइकांना प्राधान्य मिळालं. त्याच वर्षी मेडिकेअर ही वृद्धांसाठीची आरोग्ययोजना आली आणि तिथल्या रुग्णालयांना डॉक्टर कमी पडू लागले. मुंबईच्या केईएम आणि ग्रँट मेडिकलमधून, पुण्याच्या बी. जे. मधून डॉक्टर निघाले. व्हीजेटीआय, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, पवईची आयआयटी इथून इंजिनिअर निघाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे खिशात परकीय चलन ८ डॉलर. बाकीची सगळी संपत्ती पेटीत. तीत मेतकूट, गोडा मसाला, लोणच्याची बरणी, भाजणी, आणि एखाद्या हुशार आईने पंचाच्या तुकड्यावर वाळवून दिलेलं विरजण.

कुकरही असे. वास्तविक प्रेशर कुकरचा प्रसार अमेरिकेनेच आधी केला. विस्कॉन्सिनच्या कंपनीचा 'प्रेस्टो' १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात झळकला होता. पण त्याच्या झाकणावरचं वजन नुसतं डुलत राही, शिट्टी होत नसे. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' या सूचनेवर वाढलेल्या पिढीला त्या कुकरात वरण कधी शिजलं हे कळायचं कसं? म्हणून हॉकिन्स किंवा प्रेस्टिज कपड्यांत गुंडाळून नेला जाई, आणि कुकरच्या आतली जागा फुकट जाऊ नये म्हणून त्यात डाळ भरलेली असे.

पेटी महिन्या-दोन महिन्यांत रिकामी व्हायची. मग सुरू व्हायची ती खरी शोधाशोध. या काळातल्या गृहिणींनी आणि एकट्या राहणाऱ्या मुलांनी अमेरिकन सुपरमार्केटचं केलेलं वाचन हा एका वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. सूपसाठी विकले जाणारे पिवळे वाटाणे हाती लागले आणि त्यांची आमटी झाली, पुरणही झालं. 'क्रीम ऑफ व्हीट' नावाची न्याहारीची लापशी १८९३ पासून तिथे मिळत होती. तिच्यात रवा दडलेला आहे हे कुणीतरी ओळखलं, आणि सत्यनारायणाचा शिरा सुटला. 'बिस्क्विक' या पॅनकेकच्या तयार पिठात दुधाची पावडर घालून गुलाबजाम झाले. आंबट सायीचा डबा आणि साखर एकत्र घोटून श्रीखंड झालं. भेळेला कुरमुरे हवेत तर 'राइस क्रिस्पीज'. तुपाला बिनमिठाचं लोणी तिथे उत्तमच मिळे. तूप ही एकच गोष्ट अशी की तिच्याबद्दल अमेरिकेत कुणी तक्रार केली नाही.

कोथिंबीर, मिरच्या, लिंबं यांसाठी मेक्सिकन दुकान. कारली, मूग, आलं यांसाठी चायनाटाऊन. हरभरे आणि रवा इटालियनाकडे. उकडीच्या मोदकांसाठी थायलंडहून येणारी तांदळाची बारीक पिठी इतकी सरस निघाली की पुढे भारतीय दुकानांत आपली पिठी मिळू लागल्यावरही कित्येकींनी ती सोडली नाही. हिंगाची गोष्ट तर मजेशीरच. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेत लोक हिंगाची पुरचुंडी गळ्यात बांधून फिरत. त्याच्या वासाने रोग दूर पळतो असा समज होता. त्यामुळे तिथे हिंग वाण्याकडे नव्हे, औषधांच्या दुकानात मिळायचा.

पोळीचं दुखणं मात्र लवकर सुटलं नाही. मैदा आणि जाडसर कोंड्याचं पीठ असे दोनच प्रकार समोर असत. त्यांचं प्रमाण ज्याने त्याने आपापलं ठरवलं. पुढे कॅनडाच्या गिरण्यांनी ड्युरम गव्हाची चपातीसाठीची कणीक काढली, 'गोल्डन टेंपल' नावाने ती घरोघरी गेली. ती पोळी दिसायला पिवळसर, चावायला किंचित चिवट. तिथे जन्मलेल्या पिढीला तीच खरी पोळी वाटते आणि पुण्याला आजीकडे आल्यावर सिहोरी गव्हाची मऊसूत पोळी तिला वेगळी लागते.

१९७० नंतर चित्र पालटलं, आणि ते पालटवलं गुजरात्यांनी.

न्यूयॉर्कमध्ये १९७० साली 'हाऊस ऑफ स्पायसेस' सुरू झालं. त्यांच्या 'लक्ष्मी' छापाच्या डाळी आणि मसाले पुढे देशभर पोचले. शिकागोत मफत पटेल यांनी १९७४ मध्ये डेव्हन अव्हेन्यूवर भाऊ तुलसी आणि भावजय अरुणा यांच्या साथीने एक लहानसं दुकान थाटलं. मफतभाई मेहसाणा जिल्ह्यातल्या भांडू गावचे. १९६८ मध्ये शिकायला आलेले, पेशाने इंजिनिअर. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गल्ला, असं सुरुवातीला चाललं. 'पटेल ब्रदर्स'च्या आज ५० हून अधिक शाखा आहेत आणि त्यांच्या 'स्वाद' छापाची पाकिटं नसलेलं भारतीय घर अमेरिकेत शोधावं लागेल. न्यू जर्सीत भगवती अमीन यांनी घरच्या ओट्यावर चेवडा-शेव करून विकायला सुरुवात केली, त्यातून १९७७ मध्ये 'दीप फूड्स' उभं राहिलं.

मराठी माणसाने दुकान का काढलं नाही, याचं ठरलेलं उत्तर असं की आपण डॉक्टर-इंजिनिअर, नोकरदार, व्यापार आपल्या रक्तात नाही. हे उत्तर पटण्यासारखं नाही. मफतभाईही इंजिनिअरच होते. फरक पडला तो भावामुळे. १९६५ च्या कायद्यात भावा-बहिणींना बोलावून घेण्याची सोय होती. गुजराती कुटुंबांनी तिचा वापर माणसं जोडून धंदा उभा करण्यासाठी केला. एकाने पगार आणायचा, दुसऱ्याने दुकानात बसायचं, वहिनीने हिशेब आणि मालाची निवड सांभाळायची, गावच्या माणसाने उधारीवर माल द्यायचा. मराठी घरातून आलेला माणूस बहुधा एकटा आला आणि मागे राहिलेल्या भावाला त्याने पैसे पाठवले. दोन्ही गोष्टी कुटुंबप्रेमाच्याच. एकीतून दुकानं झाली, दुसरीतून कोथरूड-डोंबिवलीत फ्लॅट झाले. अपवाद आहेत, पण ते अपवादच.

डेव्हन अव्हेन्यू हा मुळात शिकागोतला ज्यूंचा भाग. तिथल्या बेकऱ्या आणि कोशर दुकानांच्या जागी एकेक करत साड्या, दागिने, मिठाई, किराणा आला. आज त्याच रस्त्याच्या एका टप्प्याला गांधी मार्ग म्हणतात, दुसऱ्याला गोल्डा मायर यांचं नाव आहे आणि तिसऱ्याला शेख मुजीब यांचं. इंडियाना, आयोवा, विस्कॉन्सिन या राज्यांतल्या लहान गावांत एखाद-दुसरं मराठी घर असे. महिन्यातून एकदा शनिवारी गाडी काढायची, तीन-चार तास हाकायची, डेव्हनवर डोसा खायचा, २० पौंडांची तांदळाची पोती, डाळी, पीठ, पापड डिकीत भरायचे आणि शेजारच्या भारतीय घरांनी दिलेल्या याद्याही पुऱ्या करायच्या. दुकानातून हिंदी चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळत. त्या परत करायच्या म्हणजे पुढच्या खेपेला निमित्त झालंच. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये किराण्याच्या जोडीला २२० व्होल्टवर चालणाऱ्या मिक्सर-टीव्हींची दुकानं होती, कारण भारतात जाताना त्या वस्तू नातेवाइकांसाठी न्याव्या लागत. सामान एकीकडून येई, दुसरीकडून जाई.

या दुकानांत सगळं मिळू लागलं, पण ते गुजराती नजरेने भरलेलं होतं. खाखरे पाच प्रकारचे, उंधियूची गोठवलेली भाजी, ढोकळ्याचं तयार पीठ, छुंदा. पंजाबी छोले मसाला, मद्रासी सांबार मसाला यांचीही सोय. गोडा मसाला? काळा मसाला? थालीपिठाची भाजणी? कुळीथपीठ? दोन दशकं तरी यांचा पत्ता नव्हता. दुकानदाराची चूक नव्हती. मागणी थोडी, आणि मागणारे अबोल. मराठी गिऱ्हाईक गरम मसाल्यावर भागवायचं आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून मसाल्याची पिशवी मागवायचं. गोडा मसाला अशा रीतीने कित्येक वर्षं दुकानातून नव्हे, सासू-सासऱ्यांच्या पेटीतून गेला. बाळंतपणासाठी आलेली आई सहा महिने राहायची आणि जाताना नातीबरोबर सहा महिन्यांचं मेतकूटही ठेवून जायची.

पुढे माहिती तंत्रज्ञानाची लाट आली. १९९० नंतर पुण्याहून विमानं भरभरून मुलं गेली. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि इझलिनमध्ये ओक ट्री रोड फुलला, कॅलिफोर्नियात सनीव्हेल आणि फ्रीमाँट. संख्या वाढली तसं बेडेकरांचं लोणचं, चितळ्यांची बाकरवडी, भाजणीची पाकिटं फळीवर दिसू लागली. गणपतीच्या आधी दुकानात मूर्ती मांडल्या जाऊ लागल्या. तरी गल्ल्यावर बसलेला माणूस बहुधा 'केम छो' म्हणणाराच.

एका धान्याची गंमत इथे सांगायलाच हवी. पन्नास-साठच्या दशकांत पीएल ४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू जहाजांनी मुंबईला येई आणि रेशनच्या रांगेतून घरोघरी जाई. १९७२ च्या दुष्काळात त्याच देशाची तांबडी ज्वारी, जिला लोकांनी मिलो म्हटलं, मराठवाड्यातल्या माणसाने नाक मुरडत खाल्ली. तिची भाकरी थापता येत नाही, चव लागत नाही, ही तक्रार आजही जुनी माणसं करतात. ज्या वर्षांत ही ज्वारी इकडे येत होती त्याच वर्षांत सोलापूर-लातूरकडचा इंजिनिअर अमेरिकेत ज्वारीच्या पिठासाठी तळमळत होता. कॅन्सस राज्यात अमेरिकेतली सर्वाधिक ज्वारी पिकते. मैलोन्‌मैल शेतं आहेत. ती बहुतांश जनावरांना जाते, अलीकडे इथेनॉलला. त्या शेतांच्या शेजारी राहणाऱ्या मराठी घरात भाकरीचं पीठ मात्र गुजरातेतून दळून, पाकिटात भरून, अटलांटिक ओलांडून येई. आता ग्लुटेन नको असणाऱ्या अमेरिकनांमुळे पांढऱ्या ज्वारीचं पीठ तिथल्या उच्चभ्रू दुकानांत मिळतं, बेताच्या पिशवीला भारी किंमत मोजून. भाकरी त्याची बऱ्यापैकी होते.

ताजा माल हे आणखी वेगळं प्रकरण. भेंडी, कारली, दुधी यांची सोय फ्लोरिडातल्या शेतांनी आणि पुढे होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक या देशांनी केली. तिथला शेतकरी कारलं स्वतः खात नाही, पण अमेरिकेतल्या भारतीयासाठी ते पिकवतो. कढीपत्त्याने मात्र छळलं. लिंबू-संत्र्याच्या बागा मारणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्याच्या झाडावरही वाढते. ही कीड १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडली, २००८ मध्ये कॅलिफोर्नियात, आणि दहा-पाच पानांच्या काडीवर करडी नजर बसली. विमानतळावर सर्वाधिक कचऱ्यात गेलेला मराठी ऐवज कोणता, तर कढीपत्त्याची पुडी. तांदळाचंही तसंच. खापरा नावाच्या किड्यामुळे २०११ पासून भारतातून सामानात तांदूळ आणायला बंदी आली, त्यामुळे कोकणातला उकडा किंवा मावळातला आंबेमोहोर पिशवीत घालून नेणं संपलं.

आणि आंबा. कीड मारण्यासाठी पूर्वी आंब्याला जे रसायन लावत ते आरोग्याला घातक ठरलं, अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि १९८० च्या दशकाअखेर हापूसची वाट बंद झाली. डब्यातल्या रसाला मनाई नव्हती, म्हणून एक अख्खी पिढी टिनाच्या डब्यातला आमरस खात वाढली. आंब्याला साल असते, कोय असते, हे तिने मेक्सिकोच्या आंब्यांवरून जाणलं. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश दिल्लीला आले ते अणुकरारासाठी. त्याच भेटीत आंब्याचाही तोडगा निघाला. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब फुटू नये म्हणून विकिरण केंद्र उभारलं होतं. तिथे आंब्यावर गॅमा किरणांचा मारा करायचा, अमेरिकेच्या निरीक्षकाने समोर उभं राहून तो तपासायचा, मग पेटी विमानात चढवायची. एप्रिल २००७ मध्ये पहिल्या १५० पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. कांद्याच्या बाजारपेठेतून हापूस अमेरिकेला गेला ही गोष्ट देवगडकरांना रुचली असेल-नसेल, पण वाट उघडली. ती वाट कायम डळमळीतच राहिली. करोनाच्या दोन हंगामांत निरीक्षक येऊ शकले नाहीत म्हणून निर्यात थांबली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या केंद्रातून गेलेल्या १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींवरून अमेरिकेत नाकारल्या गेल्या. परत आणण्यापेक्षा तिथेच नष्ट करणं व्यापाऱ्यांना स्वस्त पडलं.

इकडच्या एका आदेशाने तिकडची चूल हलते, हे २० जुलै २०२३ नंतरच्या आठवड्यात फार उघडपणे दिसलं. भारत सरकारने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. डॅलसपासून न्यू जर्सीपर्यंत दुकानांसमोर रांगा लागल्या. सोना मसुरीची पोती लोक जोडीजोडीने उचलू लागले. दुकानदारांनी 'एका कुटुंबाला एकच पोतं' अशा पाट्या लावल्या. पाट्या वाचणाऱ्यांपैकी वडीलधाऱ्यांना मिलोच्या काळातल्या रेशनकार्डाची आठवण झाली असणार. बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.

अलीकडे मात्र मराठी माणूस विकायला लागला आहे, तेही बहुतांशी बाईमाणूस, आणि दुकान न काढता. घरच्या ओट्यावर केलेला टिकाऊ पदार्थ विकायला परवानगी देणारे कायदे एकेका राज्याने केले. कॅलिफोर्नियाचा २०१३ पासून लागू झाला. ज्या न्यू जर्सीत मराठी वस्ती सर्वांत दाट, ते राज्य या बाबतीत देशात सर्वांत शेवटी जागं झालं, ऑक्टोबर २०२१ मध्ये. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, दाण्याची चटणी हे सगळं टिकाऊच. व्हॉट्सअॅपवर यादी फिरते, पौंडाचा भाव लिहिलेला असतो, शनिवारी घेऊन जायचं. भाजणी कुणी घरी भाजते, कुणी पुण्याहून मागवते. भांडवल म्हणाल तर एक कढई, एक सोऱ्या आणि मंडळातल्या ओळखी.

तरीही दिवाळीचा फराळ बराचसा पुण्या-मुंबईहूनच जातो. पुण्याच्या टपाल कार्यालयांत दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास फराळाची पार्सलं बांधून देण्याची वेगळी सोय करतात. खोकं, चिकटपट्टी, वजन, पत्ता, सगळं तिथेच. खाजगी कुरिअरवाल्यांच्या जाहिराती मराठी वृत्तपत्रांत तेव्हाच झळकू लागतात. या सगळ्याला आधार होता अमेरिकेच्या एका सवलतीचा. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे आयातशुल्क लागत नसे. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ती सवलत काढून घेतली. भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावण्याचा निर्णयही त्याच आठवड्यात लागू झाला. शुल्क वसूल कुणी करायचं, भरायचं कसं, याचा गोंधळ इतका की भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. गणपती दोन दिवसांवर होते, दिवाळीला दोन महिने. खाजगी कुरिअर चालू राहिले, पण चकल्यांचा डबा चकल्यांपेक्षा महाग झाला. टपालाची सेवा पूर्ववत झाली ती १५ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी, आणि जाहीर केलेल्या किमतीच्या निम्मी रक्कम शुल्क म्हणून इथेच भरून.